साकी राहिली, आख्यान गेले

परदेशी गेलेल्या मराठी माणसांच्या गाण्याबद्दल आपल्याकडे जे लिहिले जाते, त्याचा सूर ठरलेला असतो. सातासमुद्रापार मराठीचा झेंडा, जिभेवर अजून पुरणपोळीची चव, आडनावाच्या शेवटी अजून 'कर', आणि शेवटी एखाद्या आजीबाईंनी म्हटलेले मराठी गाणे. इस्रायलमधल्या बेने इस्रायल समाजाबद्दलचे बहुतेक मराठी लेख या चौकटीत बसतात. लेखक भारावलेला असतो, वाचकही भारावतो. आजीबाईंनी म्हटलेले गाणे नेमके कोणते, ते कोणत्या वृत्तात आहे, त्याच्या आधी काय असायचे आणि नंतर काय, हे विचारायचे मात्र राहून जाते. भाषा मराठी आहे एवढ्यावर आपले समाधान होते. संगीताकडे आपण भाषेची पेटी म्हणून पाहतो, आत मराठी सुखरूप आहे ना एवढे बघतो आणि झाकण लावतो.

या लेखात मला ती पेटीच बघायची आहे. दौंड तालुक्यातल्या खुटबावसारख्या गावात बसून इस्रायलमधल्या गाण्याबद्दल लिहिणे विचित्र वाटेल. पण हे गाणे ज्या कीर्तनातून निघाले, त्याच्या खाणाखुणा आमच्या भागात पावलोपावली आहेत, आणि त्या ठाऊक असल्या की तिकडे काय टिकले व काय गेले हे नीट कळते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बेने इस्रायल हे कोकणातले, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातले ज्यू. तेल गाळण्याचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून 'शनिवार तेली'. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून सात जोडपी वाचली, ही त्यांची मूळकथा. एकोणिसाव्या शतकात ही मंडळी मोठ्या संख्येने मुंबईत आली, पलटणीत आणि सरकारी कचेऱ्यांत शिरली, शिकली. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, ते यांच्यासाठी. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. तो फारसा साधला नाही, पण मराठीतले जुना करारातले ग्रंथ हाती आले. प्रार्थना हिब्रूत, तिचा अर्थ समजणारे थोडे, आणि घरात, बाजारात, अंगाईत मराठी, अशी त्या समाजाची अवस्था होती.

१८८० मध्ये मुंबईतल्या काही बेने इस्रायल तरुणांनी कीर्तन हाती घेतले. त्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्या पहिल्या फळीतले महत्त्वाचे नाव. अब्राहाम, योसेफ, मोशे, दावीद, एस्तेर यांची आख्याने रचली गेली, म्हटली गेली, छापली गेली. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात ख्रिस्ती कीर्तन आधीच सुरू झाले होते. पण १८८० या सालाची मला वेगळीच गंमत वाटते. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आले. साकी, दिंडी, पद ही कीर्तनकाराच्या झोळीतली चीजवस्तू किर्लोस्करांनी नाटकात नेली, आणि त्याच सुमारास मुंबईतल्या ज्यू कारकुनांनी तीच झोळी सिनेगॉगच्या अंगणात उघडली. संगीत नाटकाच्या इतिहासात पहिल्या घटनेवर ग्रंथ आहेत. दुसरीवर मराठीत एखादा परिच्छेद सापडला तर नशीब.

त्यांनी उचलले ते नारदीय कीर्तन, हे लक्षात घेतले पाहिजे. आमच्याकडे सप्ताहात होते ते वारकरी कीर्तन. एक अभंग निरूपणाला घ्यायचा, मागे टाळकरी उभे, पखवाज आणि मृदंगाच्या अंगाने जाणारे भजन. नारदीय कीर्तनाचा घाट निराळा. आधी नमन. मग पूर्वरंग, म्हणजे एखादे तत्त्व घेऊन त्याचा ऊहापोह. मध्ये नामगजर, बुवांना बुक्का आणि हार. मग उत्तररंग, म्हणजे त्या तत्त्वाला दाखला म्हणून लावलेले आख्यान. आख्यानात बुवा बोलतात, सोंगे वठवतात, हसवतात, आणि बोलता बोलता आर्या, साकी, दिंडी, कटाव, पद यांच्यात शिरतात. मोरोपंतांच्या आर्यांवर कित्येक पिढ्यांच्या कीर्तनकारांचे घर चालले. ते मोरोपंत आमच्या शेजारच्या बारामतीत नांदले, हे जाता जाता.

बेने इस्रायल कीर्तनकारांनी या घाटाला धक्का लावला नाही. नमन एकमेव, निराकार परमेश्वराला. पूर्वरंगाला शास्त्रातले वचन. उत्तररंगाला योसेफ किंवा एस्तेर. योसेफाची कथा तर आख्यानासाठीच जन्माला आल्यासारखी आहे. भावांचा मत्सर, विहीर, परमुलखातली गुलामी, तुरुंग, स्वप्नांचे अर्थ, आणि दुष्काळात धान्य मागायला आलेले तेच भाऊ. कीर्तनकाराला हवे ते सगळे तिच्यात आहे, शेवटी रडवण्याची जागासुद्धा.

हे नुसते हिंदू रूपात ज्यू मजकूर भरणे होते असे काहीजण म्हणतात. मला ते उथळ वाटते. कीर्तन ही वाद घालण्याची पद्धत आहे. पूर्वरंगात तत्त्व मांडायचे, शंका उभी करायची, उत्तररंगात ती फेडायची. मिशनरी रोज दारात येऊन तुमच्याच ग्रंथाचा त्याला सोयीचा अर्थ सांगतो आहे, आणि त्याला उत्तर द्यायला लागणारी हिब्रू विद्वत्ता समाजात मोजक्यांकडे आहे, अशा वेळी स्वतःच्या ग्रंथाचा अर्थ स्वतःच्या भाषेत, भर सभेत, गाऊन आणि बोलून लावण्याची सोय कीर्तनाने दिली. माझ्या मते त्या तरुणांनी कीर्तनाकडून सगळ्यांत मोलाचे घेतले ते निरूपण. चाली त्याच्या पाठोपाठ आल्या.

या समाजाच्या 'मलिदा' विधीबद्दलही एक वाक्य लिहावेसे वाटते. गोड पोहे, ओले खोबरे, फळे यांचे ताट मांडून एलियाहू नबीच्या नावाने आभार मानायचे, नवस फेडायचे. शब्द फारसी, मालीदन म्हणजे चोळणे, कुस्करणे यातून आलेला. पोहे कोकणातले, प्रार्थना हिब्रू. आपल्या सनईचे नावही फारसी सुरनाईतून आले असे कोशकार सांगतात, आणि सनईशिवाय आपले एक मंगलकार्य होत नाही. परंपरा शुद्ध असते असे मानणाऱ्यांनी मलिद्याचे ताट जवळून पाहावे.

१९४८ नंतर समाज इस्रायलला जाऊ लागला. भारतात त्यांची संख्या तेव्हा सुमारे २० हजार होती, आज ती काही हजारांवर आली आहे. दिमोना, बीरशेबा, लोद, रामला, अश्दोद अशा गावांत वस्त्या झाल्या. सुरुवातीची वर्षे कडू होती. काहींनी परत भारतात पाठवा म्हणून धरणे धरले आणि काही जण खरोखर परतले. पुढे १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने फर्मान काढले, की बेने इस्रायल व्यक्तीचा विवाह इतर ज्यूशी लावण्याआधी तिच्या पूर्वजांची छाननी करावी. म्हणजे कोकणात शतकानुशतके शनिवार पाळलेल्या माणसांना, स्वतःच्या देशात आल्यावर, तुम्ही खरे ज्यू का, असे विचारले गेले. १९६४ मध्ये जेरुसलेमच्या रस्त्यांवर आंदोलन झाले, संसदेने समाजाच्या बाजूने ठराव केला, आणि रब्बींना माघार घ्यावी लागली.

कीर्तनाच्या दृष्टीने हा प्रसंग मला निर्णायक वाटतो. ज्याच्या ज्यूपणावर सरकारी शिक्का उठायचा बाकी आहे, तो माणूस उपरणे घेऊन, झांजा घेऊन, साकी म्हणत भर सभेत उभा राहील का? मुंबईत कीर्तन हे मिशनऱ्याला दिलेले उत्तर होते. इस्रायलमध्ये तेच कीर्तन विरुद्ध बाजूचा पुरावा ठरण्याची भीती होती. शिवाय निरूपणाची गरजही संपली. मुले शाळेत हिब्रू शिकू लागली, ग्रंथ मूळ भाषेत वाचू लागली. एस्तेरची कथा मराठीतून समजावून सांगायला कुणी लागत नव्हते. शब्बाथला वाद्य वाजवायचे नाही हा सनातनी नियम तर होताच. बुवा गप्प बसले. त्यांना कुणी बंदी केली नव्हती.

गाणी मात्र राहिली, आणि ती बायकांनी ठेवली. हळद-मेंदीच्या रात्री, मलिद्याला, महिला मंडळात, वृद्धांच्या क्लबात. हाताने लिहिलेल्या वह्यांत एस्तेरच्या आख्यानातले एक पद, मोशेच्या आख्यानातली एक साकी, खाली अंगाई, त्याखाली कुठल्याशा नाटकाच्या चालीवरचे प्रार्थनागीत. मराठी राष्ट्रीय कीर्तनावर 'सिंगिंग अ हिंदू नेशन' हा ग्रंथ २०१३ मध्ये लिहिणाऱ्या अमेरिकन संगीत-अभ्यासक ॲना शुल्ट्झ यांनी पुढे याच गाण्यांकडे मोर्चा वळवला, ही मोलाची गोष्ट आहे. आपल्या विद्यापीठांनी ते काम करायला हवे होते, असे म्हणून सोडून देतो.

बायकांनीच का ठेवली, याचे उत्तर सोपे नाही. सनातनी ज्यू नियमाप्रमाणे पुरुषांनी परस्त्रीचे गाणे ऐकू नये. पण याच नियमामुळे बायकांच्या गाण्यावर रब्बींची नजरही गेली नाही. जे धर्माच्या मंचावर नाही ते धर्माला अडचण करत नाही. इराणमध्ये १९७९ नंतर स्त्रीने पुरुष श्रोत्यांसमोर एकटीने गाण्यावर बंदी आली, तेव्हा तिथेही घराच्या भिंतींआड आणि देशाबाहेर गाणे चालू राहिले. दोन्हीकडे गाणे वाचले, पण सभा गमावून. हा सौदा काय भावाने पडला, हे पुढे पाहू.

गेल्या काही वर्षांत या गाण्यांची थोडी ध्वनिमुद्रणे मला ऐकायला मिळाली. त्यांतली सात गाणी मी चौफुल्याच्या एका कलाकेंद्रात पूर्वी पेटी वाजवणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना ऐकवली. चौफुला आमच्यापासून जवळ, आणि तमाशाबारीचा पेटीवाला म्हणजे चालींचा चालता कोश. नाटक, कीर्तन, लावणी, सिनेमा, सगळे त्याच्या बोटांतून गेलेले असते. गाणारी कोण, कुठली, हे मी सांगितले नाही. दुसऱ्याच गाण्याला ते म्हणाले, "साकी हाय ही." ओळ मोजून पाहिली, सोळा आणि बारा, अठ्ठावीस मात्रा, चोख. मग त्यांनी पुन्हा लावायला सांगितले, आणि थोड्या वेळाने विचारले, "पर बुवा कुठंय? पदाच्या आधी कुणी बोलंना, पदाच्या नंतर बी बोलंना."

या एका प्रश्नात सगळी समीक्षा आली. साकी ही मुळात बोलण्यातून गाण्यात जाण्याची पायरी. कीर्तनकार कथा सांगत असतो, आवाज चढत जातो, गद्य पुरत नाही असे वाटते, तेव्हा तो साकीत शिरतो. दोन ओळी तालाच्या बाहेर, जवळजवळ बोलल्यासारख्या, आणि तिथून तालबद्ध पदात. दिंडीचे काम थोडे वेगळे. तिच्या एकोणीस मात्रा, नऊ आणि दहाच्या झोक्याने, करुण प्रसंगी मन हेलावायला उपयोगी. कटाव वेगासाठी, युद्धाच्या वर्णनासाठी. म्हणजे ही नुसती वृत्ते नाहीत, ही कथनाची अवजारे आहेत. कथन काढून घेतले की साकी म्हणजे उंबरा, पण मागे घर नाही. मी ऐकलेल्या ध्वनिमुद्रणांत पूर्ण कीर्तन एकही नाही. पदे आहेत, साक्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये शांतता आहे. गाणाऱ्या बायका साकीही टाळ्यांच्या ठेक्यात बसवून समूहाने म्हणतात. समूहाला तालाबाहेर एकत्र जाता येत नाही, त्यामुळे हे होणारच. पण साकीचे साकीपण त्यातच जाते.

आता उलट उदाहरण. तंजावरला मराठ्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मोरगावकर बुवा नावाचे कीर्तनकार तिकडे गेले. नावावरून तरी आमच्या मोरगावचे. खुटबावहून चौफुला, सुपे, की पुढे मोरगाव. त्यांची कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी तमिळ हरिकथेचा घाट घडवला. साकी, दिंडी, ओवी, अभंग, कटाव, ही सगळी मंडळी त्यांनी तमिळमध्ये नांदवली. तमिळ हरिकथेत ही नावे अजून तशीच घेतली जातात. शब्द तमिळ, राग कर्नाटक, पण निरूपण ते गाणे ही ये-जा अखंड. पुढे सी. सरस्वती बाई (१८९२–१९७४) यांनी विरोध सोसून हरिकथा करायला सुरुवात केली. बाईने मंचावर उभे राहून गायचेच नव्हे तर अर्थही सांगायचा, हे त्या काळी पचणारे नव्हते.

दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवून बघा. तंजावरला मराठी गेली, कीर्तन राहिले. दिमोनात मराठी राहिली, कीर्तन गेले. आपले भारावलेले लेख दुसऱ्या उदाहरणाचे कौतुक करतात आणि पहिले त्यांच्या गावीही नसते. कारण आपण मोजतो ते मराठी शब्द. मोरगावकर बुवांनी तंजावरला काय नेले हे मोजायचे तर घाट मोजावा लागतो, आणि घाट मोजायला कान लागतो.

परदेशात परंपरा चालवण्याचे आज जगात सर्वांत जास्त चर्चा झालेले उदाहरण इराणी आणि कुर्दी संगीताचे आहे, म्हणून थोडे तिकडे जाऊ. इराणी शास्त्रोक्त संगीताचा आधार म्हणजे रदीफ. सात दस्तगाह, पाच आवाज, आणि त्यांत गुंफलेल्या छोट्या छोट्या स्वराकृती, ज्यांना गुशे म्हणतात. शिष्य गुरूसमोर बसून वर्षानुवर्षे त्या पाठ करतो, आणि मग त्यांच्या आधारे स्वतःचे वाजवतो. आपल्या ख्यालियांना हे समजावून सांगावे लागणार नाही. क्रांतीनंतर मोहम्मद रझा लुत्फी वर्षानुवर्षे अमेरिकेत राहिले, २००६ मध्ये परत गेले. कमांचेवादक कैहान कल्होर, तेहरानला जन्मलेले कुर्द, तरुणपणीच देशाबाहेर पडले, रोम आणि ओटावात शिकले, आणि सतारीये शुजात खाँ यांच्याबरोबर 'गझल' या नावाने ध्वनिमुद्रणे केली. त्यांतले 'द रेन' २००३ मध्ये निघाले. त्यात दोन परंपरा एकमेकींत विरघळत नाहीत. आपापल्या अंगणात उभ्या राहून एकमेकींना हाक मारतात. मी ते अनेकदा ऐकले आहे आणि अजून कंटाळलो नाही. अली अकबर मोरादी हे यारसान पंथाचे कुर्दी तंबूरवादक. त्या पंथात तंबूर हे विधीचे, पवित्र वाद्य. त्यांनी त्याचे मकाम ध्वनिमुद्रित केले, परक्या मंचांवर वाजवले. विधी मागे राहिला, पण वाद्य बोलत राहिले.

हे सगळे टिकले, कारण ते वाद्याचे संगीत आहे किंवा वाद्यावर चालू शकणारे आहे. पॅरिसच्या श्रोत्याला फारसी येत नसली तरी कमांचे ऐकता येतो. विधीतून मंचावर जाताना त्याचे नुकसान होते, पण कणा मोडत नाही. कीर्तनाचे तसे नाही. कीर्तनाचा कणाच बोलणे आहे. समोरच्याला भाषा कळत नसेल, किंवा कळत असून निरूपणाची गरज नसेल, तर कितीही गोड गळा असला तरी कीर्तन उभे राहत नाही. त्यामुळे दिमोनाच्या बायकांची तुलना कल्होरशी करणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि 'इराण्यांनी जमवले, यांना का नाही' असे विचारणे हा अडाणीपणा.

तुलना करायचीच तर ती इस्रायलमधल्याच दुसऱ्या पूर्वेकडच्या ज्यूंशी करावी. सालेह आणि दाऊद अल-कुवैती हे बगदादचे नामांकित भाऊ, इराकी गाण्याचे आधुनिक शिल्पकार म्हणावेत असे. १९५१ मध्ये इस्रायलला आले. तिथे आकाशवाणीच्या अरबी विभागात वाजवायला मिळाले, एरवी पोटासाठी तेल अवीवच्या हातिकवा वस्तीत दुकान. अरबी हे शत्रूचे गाणे ठरले होते. दाऊद यांचा नातू, रॉक संगीतकार दुदू तासा, याने २०११ मध्ये आजोबांची गाणी नव्याने काढली, तेव्हा नव्या पिढीने ती ऐकली. इराणमध्ये जन्मलेली लोकप्रिय गायिका रिता हिने २०१२ मध्ये फारसी गाण्यांचा संग्रह काढला. कुर्दी ज्यूंचा सहराने हा वसंतातला सण. मोरोक्कोच्या ज्यूंच्या मिमूनाशी तो एकाच वेळी येई आणि झाकोळून जाई, म्हणून १९७५ मध्ये तो शरद ऋतूतल्या सुक्कोतला हलवला. सण वाचवायला ऋतू बदलला. आपल्याला हे हास्यास्पद वाटेल, पण त्यामुळे सहराने आजही होतो, ढोल-झुर्ना वाजतात, माणसे हात धरून नाचतात.

या तिन्ही उदाहरणांत कुणीतरी ठरवून फेरबदल केला. चाल बदलली, वाद्ये बदलली, ऋतू बदलला. बेने इस्रायल गाण्यात असा ठरवून केलेला फेरबदल मला दिसत नाही. आहे ते झिजणे. आणि झिजण्याला आपण 'जतन' म्हणतो. हा शब्द मला अलीकडे खुपू लागला आहे. जतन ही वस्तूची होते. १८८० च्या तरुणांनी कीर्तनाचे जतन केले नव्हते, त्यांनी ते वापरले होते. ज्या मोकळेपणाने त्यांनी नारदाच्या गादीवर मोशेला बसवले, तो मोकळेपणा पुढच्या कुणी दाखवला असता, तर आज बीरशेबात हिब्रू भाषेतले कीर्तन ऐकू आले असते. हिब्रूत साकी. कल्पना करायला काय हरकत आहे? तंजावरने तमिळमध्ये केलीच ना.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. बायकांचे समूहगान हे मोडक्या कीर्तनाचा तुकडा म्हणून का पाहायचे? ते स्वतंत्र, नवे रूप आहे. त्यात बुवा नाही म्हणून ते अपुरे, हे म्हणणे म्हणजे पुन्हा बुवालाच गादी देणे. कीर्तनात बाई श्रोत्यांत बसे, आता ती गाते. हा बदल नुकसानीच्या खात्यात कसा टाकता?

मी तो नुकसानीच्या खात्यात टाकत नाही. आक्षेपातला पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. ध्वनिमुद्रणांत या बायकांचे आवाज ऐकताना कुठेही प्रदर्शन जाणवत नाही. कुणी चुकते, कुणी हसते, एखादी ओळ दोघी वेगळी म्हणतात आणि तिसरी दोघींना दामटते. ते जिवंत आहे. पण दुसरा अर्धा भाग मला पटत नाही. बाईला गाणे मिळाले, निरूपण मिळाले नाही. सरस्वती बाईंनी भांडून जे मिळवले, मराठी मुलखात आज अनेक स्त्री कीर्तनकार जे रोज करतात, ते अर्थ लावण्याचे काम इस्रायलमधल्या बेने इस्रायल बाईच्या वाट्याला आले नाही. एस्तेर ही एका बाईने राजाला अर्थ समजावून आपला समाज वाचवल्याची कथा. तिचे पद बायका म्हणतात, कथा कुणीच सांगत नाही. सौद्याचा भाव तो हा.

इस्रायलमधून नोहा मस्सिल यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चिकाटीने चालवले. त्याबद्दल आपल्याकडे बरेच छापून आले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र छापील अक्षर आणि गळ्यातली चाल यांचे आयुष्य सारखे नसते. नियतकालिकाचे अंक ग्रंथालयात राहतील. वह्यांतली गाणी देवनागरी येणाऱ्या शेवटच्या वाचकाबरोबर अर्धी मुकी होतील, आणि चाल ठाऊक असणाऱ्या शेवटच्या गळ्याबरोबर पूर्ण.

आणि या ठिकाणी प्रश्न उलटा फिरतो, आपल्याकडे येतो. एकोणिसाव्या शतकातली मराठी पदांची पुस्तके उघडा, कीर्तनाची असोत, नाटकाची असोत, ख्रिस्ती असोत की ज्यू. पदाच्या डोक्यावर स्वरलिपी नसते. तिथे फक्त 'चाल :' असे लिहून दुसऱ्या कुठल्यातरी गाण्याचा पहिला चरण दिलेला असतो. तेव्हा तो प्रत्येकाला ठाऊक होता. आज त्यांतली कितीतरी मूळ गाणी महाराष्ट्रातच कुणाला येत नाहीत. पुण्याच्या नारद मंदिरात किंवा दादरच्या कीर्तन संस्थेत जुन्या बुवांच्या परंपरेने काही चाली सांभाळल्या गेल्या, पण मधली शंभर-सव्वाशे वर्षे सिनेमाने, ध्वनिक्षेपकाने आणि सप्ताहातल्या लोकप्रिय चालींनी पुष्कळ काही पुसले. मुंबईहून जहाजात बसून गेलेल्या कुटुंबाने मात्र ती चाल नेली ती त्या वर्षी जशी होती तशी. तिथे तिच्यावर दुसरी मराठी चाल येऊन बसण्याची शक्यताच कमी होती. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयातला ध्वनिसंग्रह १९६४ पासून तिथल्या नाना समाजांचे गाणे साठवतो आहे. इराणच्या, बुखाराच्या, कुर्दिस्तानच्या ज्यूंच्या चालींवर तिथल्या अभ्यासकांनी खूप काम केले. इडेलसोनने तर १९१४ ते १९३२ या काळात पूर्वेकडच्या चालींचा दहा खंडी कोश काढला, आणि त्यात इराण, बुखारा, दागेस्तानला अख्खा तिसरा खंड दिला. कोकणाला खंड नाही. मराठी चाल ओळखणारा कान त्याच्याजवळ नव्हता, आणि असता तरी नारदीय कीर्तन कशाशी खातात हे त्याला कुणी सांगितले असते?

तो कान आपल्याकडे आहे, निदान काही वर्षे तरी. चौफुल्याच्या पेटीवाल्यांनी सातांपैकी पाच गाण्यांच्या चाली ओळखल्या. दोन साक्या, एक दिंडी, एक नाटकातले पद, आणि एक चक्क भूपाळीच्या वळणाची. सहाव्या गाण्याची चाल त्यांना लहानपणी एका बुवांच्या तोंडी ऐकल्यासारखी वाटली, पण शब्द आठवेनात. सातवी त्यांनी कधीच ऐकली नव्हती. ती त्यांनी तीनदा लावायला सांगितली, चौथ्या वेळी पेटी पुढे ओढून बाईच्या आवाजाबरोबर वाजवली, आणि काळी चारमध्ये बसवून ठेवली.